पट्ट्यावरची जाळी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी तुमच्याबद्दल चांगलं बोललं की माझ्या तोंडाला अजून कडू पाणी सुटतं. मागच्या आठवड्यात आपल्या तुमसरला गेले होते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ओळखलं. "तुह्या बाबासारखा देवमाणूस पाह्यला नाई बाई," म्हणाले. मी मान हलवली. परतताना एसटीत पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईशी बोलले असते तर तोंडून काहीतरी घाण निघालं असतं.

तुम्ही चांगले होतात, हीच तर अडचण आहे. फौजेतून हवालदार म्हणून परतलात आणि राईस मिलच्या गेटवर उभे राहिलात, तरी पहाटे पाचला दाढी आणि बुटांना पॉलिश कधी चुकलं नाही. गल्लीतली बरीच माणसं पिऊन घरी यायची. तुम्ही थेंबाला शिवला नाहीत, आईवर हात उगारला नाहीत. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना पोत्यावर गुडघे टेकायला लावून जपमाळ म्हणायचात. नाताळात करंज्यांची ताटं गल्लीतल्या प्रत्येक घरी जायची, तीही तुम्ही स्वतः नेऊन द्यायचात. एकाहत्तरच्या लढाईबद्दल फारसं बोलायचा नाहीत. फक्त एकदा सांगितलंत, जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून दुपारपर्यंत चाललो, म्हणून. "तो बोलून राहिला होता तोवर वजन नाई वाटलं," असं म्हणून तुम्ही उठून गेलात. त्या एका वाक्यावर मी माझं बालपण काढलं.

मी अठरा वर्षांची होते, नर्सिंगच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसलेली. रोज अकराला तुमचा डबा मिलवर न्यायचे. एके दिवशी माझ्यासमोरच तुम्ही मॅनेजरला म्हणालात, "साहेब, मशीनच्या मोठ्या पट्ट्याची जाळी चार रोज झाले काढून ठेवली आहे. रेजा बाया तिथंच झाडून राहिल्या. लावून घ्या." तो म्हणाला, "सीझन आहे, हवालदार. पट्टा उतरला की दर वेळी जाळी कोण खोलत बसंल?" तुम्ही "जी" म्हणालात. तिसऱ्या दिवशी मी गेटशी पोचते न पोचते तोच आतून किंकाळी आली. कोंडा झाडणाऱ्या एका रेजाचा, मजूर बाईचा, हात उघड्या पट्ट्यात गेला होता. तुम्ही धावलात, मशीन बंद केलंत, माझी ओढणी हिसकून तिच्या दंडाला करकचून बांधलीत आणि तिला उचलून ट्रकमध्ये घेऊन बसलात. भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. हात कोपराखाली कापावा लागला, पण ती वाचली. त्या संध्याकाळी आई तुमचा रक्ताळलेला शर्ट दगडावर घासत होती आणि मला वाटत होतं, मी किती मोठ्या माणसाची मुलगी आहे.

हे वाटणं आठ दिवस टिकलं. चौकशीला सरकारी साहेब आले. मिलच्या पडवीत खुर्ची टाकून बसले. मी डबा घेऊन पायरीखाली उभी. त्यांनी विचारलं, "पट्ट्याला जाळी होती का?" तुम्ही टाचा जुळवून उभे होतात. "होती साहेब. सकाळी मी सोता पाह्यली. बाईनंच कोंडा काढाले सरकवली असन." एवढंच. मॅनेजर आढ्याकडे बघत होता. साहेबांनी लिहून घेतलं आणि चहा मागवला. चूक त्या बाईचीच ठरली. भरपाई म्हणून तिच्या हाती काही पडलं नाही.

संध्याकाळी तुम्ही मरियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावत होतात. मी विचारलं, "बाबा, तुमी खोटं काहून बोलले?" तुम्ही वळला नाहीत. "तुले का मालूम? नोकरी गेली त तुमी सारे का खासान? तुह्या ट्रेनिंगले चिठ्ठी कोण देईन?"

"अन् ती बाई?"

"तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करून राहिलो. बस खाली."

आणि जपमाळ सुरू झाली. शेवटी तुम्ही तिचं नाव घेतलंत, हळू, मायेनं, आजारी नातेवाइकाचं घ्यावं तसं. मी अंगणात जाऊन ओकले. नाव घेतलं नसतं, तर कदाचित माफ करू शकले असते. भीती मला कळते. पण खोटं बोलून वर त्या बाईला देवापुढे नेऊन उभं करायचं, हे मला आजही कळत नाही.

महिन्यातून एकदा फादर यायचे. त्या रविवारी पापनिवेदनाच्या रांगेत तुम्ही तिसरे होतात. दोन मिनिटांत उठलात, चेहरा धुतल्यासारखा. मग रांगेत पुढे जाऊन जीभ बाहेर काढलीत आणि फादरांनी तिच्यावर ख्रिस्तप्रसाद ठेवला. ती जीभ मी पाहिली, बाबा. ओली, गुलाबी, लहान मुलासारखी. त्यानंतर मिलमधून येणाऱ्या कणकीचा, तुकडा तांदळाचा, भात माझ्या घशाखाली उतरेना. आई म्हणायची, "ही पोरगी नखरे करते." तुम्हाला मात्र कारण माहीत होतं. तरीही मिलमालकाची शिफारशीची चिठ्ठी आली तेव्हा मी ती नीट घडी घालून घेतली आणि नर्सिंगला गेले. पुढे मी कित्येक कापलेल्या हातांच्या पट्ट्या बदलल्या.

अठ्ठ्याऐंशीत तुम्ही गेलात. अंगण माणसांनी भरलं होतं. दुपारी ती आली, मोहाडीकडच्या तिच्या गावाहून, थोटा हात पदरात झाकून. तुमच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मग माझ्याजवळ येऊन बसली. "तुह्या बाबानं उचललं नसतं त मी तिथंच मेली असती वं. सारे म्हणत, जाळी मीच काढली. मले त काईच आठवत नाई. पन हवालदार म्हनले म्हनजे काढलीच असन. तेवढ्यासाठी घरच्यांनी मले लय बोल लावले, ऐकून घेतले म्या." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तू त रोज डबा आनत होतीस. होती ना वं जाळी?"

तुम्ही तिथेच होतात, फुलांखाली. आता तुमची नोकरी जाणार नव्हती, कुणी उपाशी राहणार नव्हतं. मी म्हणाले, "हो बाई, होती." तिनं सुस्कारा सोडला. "बरं झालं. मनात लय दिवसाचं होतं." मी तिला चहा दिला, तिनं तो डाव्या हातानं प्यायला.

हे पत्र जाणार कुठेच नाही. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हाला लिहिणं सोपं आहे. ती अजून आहे, तिच्या गावाला दिवसातून दोन एसट्या जातात, आणि मी एकदाही गेलेले नाही.