चाचणीची सूचना

मंगळवार, संध्याकाळ. बोरीवली.

घरी एकटी असताना आई पडली, तर आमच्या मोबाइलवर सूचना यावी म्हणून लॅपटॉपवर कमांड लिहीत होते. चालते का बघायला 'आई पडली' टाइप केलं आणि एंटर दाबलं. वाटलं, माझ्याच फोनवर येईल. दादाचा फोनही जोडलाय हे विसरलेच!

फोन करायचंही न सुचता तो दिंडोशीहून धापा टाकत आला. आई मजेत मेथी निवडत बसलेली.

"वेडी आहेस का गं? पुढच्या वेळी मी धावणार नाही!"

आणि खरंच पडली तर? 'आई पडली'... दुसरं काही सुचलं नाही मला?

तो गेल्यावर आई हळूच म्हणाली, "चार महिन्यांनी आला गं. परत कधी पाठवशील?"