फळ्यावरचं इंग्रजी

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ७.
ठरलं. उभा राहतोय.
चाळीच्या पुनर्विकास समितीत एक जागा आहे. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बोलणारा प्रतिनिधी. निवड २२ तारखेच्या सभेत, हात वर करून. तिथली माणसं इंग्रजीत बोलतात. आख्ख्या चाळीत व्याकरणशुद्ध इंग्रजी येणारा माणूस एकच. विनयापोटी नाव लिहीत नाही.
दुसरा उमेदवार तळमजल्यावरचा दीपक. कुरियर कंपनीत आहे. मागे बिल्डरचा इंजिनियर आला तेव्हा त्याला म्हणाला, सर, कम, टी. इंजिनियर आला, चहा प्यायला, तासभर बसला. पण इंग्रजीचं काय?
शांताला सांगितलं. म्हणाली, रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा अंघोळीच्या आधी दाढी केलीत, तेव्हाच वाटलं काहीतरी आहे.

सोमवार, संध्याकाळी.
प्रचाराचं साधन सापडलं. जिन्याखालचा फळा. पाणी, मयत, सभा, सगळं त्यावर लागतं. कोपऱ्यात रोजचा सुविचार मी लिहितो, कारण खडू माझ्याकडे असतात. उद्यापासून सुविचार बंद. रोज दोन इंग्रजी शब्द. अर्थाने सख्खे भाऊ वाटणारे, पण फरक मोठा. लोकांना कळू दे माणूस कोण आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
'हिअर' आणि 'लिसन'. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. सुंदर अक्षर. कुणी थांबलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितीताई थांबल्या. त्या पाण्याची वेळ शोधत होत्या. ती मी जागेसाठी पुसली होती.
निष्कर्ष: उदाहरण हवं. ओळखीचं.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
उदाहरण घातलं. 'शांता हिअर्स मी. शी डझ नॉट लिसन.' लोक थांबले. हसले. यश.
शांताने दुपारचा चहा केला नाही. विचारलं तर म्हणाली, ऐकलं, पण लक्ष नव्हतं. म्हणजे फरक समजला. शिकवण्याची पद्धत बरोबर आहे.
घरचं उदाहरण मात्र आता नको.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.
धोरण ठरवलं. रोज एका मतदाराचं नाव. जोडीतला चांगला शब्द त्याला द्यायचा, वाईट शब्द त्याच्यापासून लांब ठेवायचा. शिक्षणही होतं, कौतुकही होतं.
पहिला मान कुशाबांना. वय मोठं, मजल्यावर वजन आहे. 'थ्रिफ्टी' आणि 'मायझर्ली'. एक काटकसरी, दुसरा कंजूष. 'कुशाबा इज थ्रिफ्टी. ही इज नॉट मायझर्ली.'
संध्याकाळी कुशाबा काठी टेकत दारात आले. म्हणाले, रमाकांता, माका तुजो थ्रिफ्टी नको आणि मायझर्लीय नको, माजा नाव पूस. इतक्या वर्षांत मी कंजूष नाय ता कोणाक सांगूचा लागला नव्हता.
भारावले होते. पाणीही न घेता गेले.

सोमवार, ९ फेब्रुवारी.
'प्लंप' आणि 'फॅट'. प्लंप म्हणजे गुबगुबीत, त्यात माया आहे. 'प्रितीताई इज प्लंप. शी इज नॉट फॅट.'
दहाच्या सुमाराला फळा ओल्या फडक्याने पुसलेला. वाक्य पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलेलं. प्रितीताईंना प्रसिद्धीचा संकोच वाटत असावा.
शांता म्हणाली, अहो, ती महिनाभर जिमला जातेय. म्हटलं, मग फॅट नाहीच, मी तेच लिहिलंय. शांता स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ भांडी जोरात लावत होती.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.
'फेमस' आणि 'नोटोरियस'. दोघांनाही सगळे ओळखतात, पण दुसरा बदनाम असतो. 'सेक्रेटरी राजेश इज फेमस. ही इज नॉट नोटोरियस.'
खाली कुणीतरी खडूने प्रश्नचिन्ह काढलं. लोक विचार करू लागले आहेत.
राजेश भेटला. म्हणाला, रमाकांत, तू समितीत येऊन काय करशील ते मला आत्ताच दिसतंय. म्हटलं, आभारी आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी.
दीपकचा घाणेरडा प्रचार. फळ्याशेजारी सुतळीने पुठ्ठा टांगलाय. त्यावर पाण्याची वेळ. शिवाय चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकतो. लोक आधी पुठ्ठा वाचतात.
जिन्यात गाठलं. म्हणाला, काका, तुमचं इंग्लिश आपल्याला या जन्मी नाय जमणार, पण बायका सकाळी खोळंबतात ना.
प्रांजळ आहे. हरल्यावर त्याला सांभाळून घेईन.

रविवार, १५ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
लोकप्रियता वाढतेय. तिसऱ्या मजल्यावरून साबुदाण्याची खिचडी आली, समोरून रताळ्याचा कीस. निरोप एकच, उद्या आमचं नाव नको. किती हा विनय. शांताला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय, आणि खिचडी गिळवत नाहीये.
मी दोन्ही वाट्या संपवल्या. उपासाला वाया घालवणं बरं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.
भाषण तयार. भोईवाडा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाईप करून घेतलं. त्याने सवयीने वर 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं घातलंय. राहू दिलं. वजन येतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी.
आज परीक्षाच झाली. बिल्डरचा इंजिनियर नकाशे घेऊन आला. सगळी चाळ अंगणात. कुशाबांना एवढंच विचारायचं होतं की, चाळ पाडल्यावर तात्पुरतं राहायच्या संक्रमण इमारतीत लिफ्ट असणार की नाही. गुडघे गेलेत, चौथ्या मजल्यावर खोली मिळतेय. लिफ्ट नसली तर गावाला जाऊन राहायचं म्हणतात.
मी पुढे झालो. इंजिनियर म्हणाला, सर, आय ॲश्युअर यू. तिथेच धरला. म्हटलं, ॲश्युअर म्हणजे नुसतं तोंडाने सांगणं, आम्हाला हवं एन्श्युअर, म्हणजे प्रत्यक्ष करून देणं. आणि इन्श्युअर हा तिसराच, तो विम्याचा. प्रत्येकाची दोन दोन उदाहरणं दिली. शेवटी त्याने घड्याळ बघितलं, नकाशे गुंडाळले आणि निघाला. प्रभावित होता, बोलता येत नव्हतं.
लिफ्टचं राहिलं.
दीपक चपला न घालता नाक्यापर्यंत धावला. मोडक्या हिंदीत विचारलं म्हणे. लिफ्ट आहे. शिवाय कुशाबांची खोली पहिल्या मजल्यावर आणायचं नकाशावरच लिहून घेतलं. इंजिनियरने सही केली.
कुशाबा डोळे पुसत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, याला म्हणतात एन्श्युअर. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऊन सहन होत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी. दुपारी.
सभा झाली.
नाव कुणीतरी सुचवावं लागतं. दीपकचं नाव कुशाबांनी सुचवलं, काठी वर करून. माझं कुणी सुचवेना. मी शांताकडे बघितलं, शांताने पंख्याकडे. शेवटी दीपक उठला. म्हणाला, काकांचं नाव मी सुचवतो.
मतदान. दीपकसाठी किती हात ते मोजावं लागलं नाही. शांताचाही होता. पदर सावरत होती असं मी धरतो. बराच वेळ सावरत होती.
माझ्यासाठी एक हात. दीपकचा. स्वतःला मत देणं मला प्रशस्त वाटलं नाही. खरं म्हणजे हात उचललाच नाही.
भाषण खिशात राहिलं.

रविवार, संध्याकाळी.
जेवणार नव्हतो. शांताने आमटी गरम करून ताट पुढे ठेवलं. म्हणाली, तुम्हाला कुणी काही विचारत नाही म्हणून हे सगळं ना? मग विचारते. मीठ बरोबर आहे का?
बरोबर होतं. दोनदा भात घेतला.

सोमवार, २३ फेब्रुवारी.
दीपक सकाळीच आला. उद्या बिल्डरच्या ऑफिसात पहिली मीटिंग. म्हणाला, काका, सोबत चला. विचारलं, कोणत्या विषयावर बोलू?
म्हणाला, बोलायचं नाय. कोट घालून नुसतं माझ्या बाजूला बसायचं. मध्ये मध्ये मान हलवायची. त्यांना वाटलं पाहिजे, चाळवाल्यांनी वकील आणलाय.
शांता लगेच कोट इस्त्रीला टाकायला गेली. एवढी घाई तिने लग्नातही केली नव्हती.
दीपक जिना उतरत होता. कठड्यावरून वाकून विचारलं, उद्या मी सायलेंट राहायचं की क्वाएट? दोघांत फरक आहे.
खालून म्हणाला, काका, दोन्ही.