होडीच्या दोरीवरची चिंधी

॥ श्री ॥
उरण, ता. ३ ऑक्टोबर १९३४

चि. बाळाजीस आवडाताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सुक्या कोळंबीचे सोडे पोचले. बेटावर राहून आम्हाला विसरला नाहीस, एवढं पुरे. तुझ्या भावोजींचा कापलेला पाय आता दुखत नाही, पण मिठागरावर उभं राहणं संपलं. घरात बसून जाळी विणतात आणि माझ्या कालवणाला नावं ठेवतात.

हे रानात मागे कसे राहिले, ते लोक अजून विचारतात. मी सांगते, दोष ह्यांचाच. तुमच्या बेटावरून होडीने पलीकडच्या राखीव रानात जाणाऱ्याने होडीच्या दोरीला आपली चिंधी बांधायची, परतल्यावर आपली आपणच सोडायची, आणि एक जरी उरली तरी तांडेलाने होडी हलवायची नाही, हा नेम लहान पोरंही जाणतात. हे शिकारीसाठी रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर वर गेले, विड्या विसरल्या म्हणून परत आले, सवयीने चिंधी सोडली आणि पुन्हा रानात शिरले. स्वतःच तसं सांगतात. मग तू तांडेल असून काय करणार? असा वेंधळा नवरा माझ्याच नशिबी.

भाऊबीजेला ये. गेल्या वर्षीसारखी सबब नको.

तुझी ताई

॥ श्री ॥
उंबरबेट, ता. १४ ऑक्टोबर १९३४

ती. ताईस बाळाजीचा शि. सा. न.

तीन कागद फाडले, हा चौथा. भावोजी विड्यांसाठी परत आले नव्हते. ती चिंधी मी सोडली.

ओहोटी लागली होती. आणखी थांबलो असतो तर होडी चिखलात बसली असती, आणि मुंबईचे शिकारी पाहुणे माझ्यावर ओरडत होते. एकच चिंधी उरली होती, तुझ्या हिरव्या लुगड्याची. मी ओळखली. भावोजी आपलेच आहेत, डोंगरामागच्या वाटेने तिकडच्याच गावात उतरले असतील, रागावणार नाहीत, अशी मनाची समजूत घातली. ताई, परक्याची असती तर मी थांबलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले. दवाखान्यात त्यांनी विड्यांचं सांगितलं तेव्हा वाटलं, तापात बोलतात. मी गप्प बसलो. माझं काम टिकलं, त्यांचा पाय गेला. तुझ्याकडून ओवाळून घ्यायला तोंड नव्हतं म्हणून आलो नाही. हे त्यांना वाचून दाखव.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

बाळाजी

॥ श्री ॥
उरण, ता. २२ ऑक्टोबर १९३४

चि. बाळाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस ह्यांना दाखवलं नाही. मला इतका राग आला की मी ते चुलीत घालणार होते. मग वाचून दाखवलं. विणकाम न थांबवता म्हणाले, मला ठावं हाय.

पाय मोडून ते कड्यावर पडले होते. खाली होडी दिसत होती. तू चिंधी सोडताना त्यांनी पाहिलं. हाका मारल्या, पण वारा उलटा होता. तू एकदा वर रानाकडे बघितलंस, असंही म्हणाले. ताप वगैरे काही नव्हता. तुझं काम जाईल आणि मला भाऊ पारखा होईल, म्हणून विड्यांची गोष्ट त्यांनीच रचली.

दीड वर्ष चारचौघांत मी त्यांना वेंधळा म्हणत आले आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. ह्याचं मी आता काय करू, ते तू सांग.

त्यांनी तुला माफ केलंय. मी अजून नाही. तरी भाऊबीजेला ये, मी ओवाळीन. पण निघण्याआधी धक्क्यावर सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून ये. काम गेलं तर जाऊ दे. मिठागरावर ह्यांची जागा रिकामी आहे.

तुझी ताई