तीनशे लिटरचं मोटरहोम

१ जानेवारी, सकाळी ६
काल रिटायर झालो. वाळूजच्या कंपनीत बत्तीस वर्षं, सगळी स्टोअरमध्ये. आता संकल्प. रोज व्यायाम (उद्यापासून). चहा अर्धा कप. आणि केसरला समुद्र दाखवणे. लग्न झालं तेव्हाच तिला कबूल केलं होतं. मी शब्दाचा पक्का आहे, फक्त रजेचं जमत नव्हतं.

४ जानेवारी
मोटरहोम घ्यायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. चाळीस व्हिडिओ पाहून झाले, अभ्यास पूर्ण. केसर म्हणाली, यष्टीनं जाऊ की, यष्टीला काय झालं? यष्टीत बेड आणि किचन नसतं हे शांतपणे समजावलं. ती म्हणाली, मला समुद्र बघायचाय, तिथं सैपाक नाय करायचा.

११ जानेवारी, दुपारी
घेतलं! सेकंड हँड, पण कंडिशन टॉप. आधीच्या मालकानं मी टायर बघायच्या आतच किल्ली हातात दिली. माणसाची पारख असावी त्याला. दोन बेड, शेगडी, सिंक, पाण्याची तीनशे लिटरची टाकी. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत गाडी रिव्हर्समध्ये घ्यायला दोन तास लागले. स्टिअरिंगवर अफजलभाई मेकॅनिक, मार्गदर्शन माझं. समोरच्या दगडाबाईंचा ओटा जरासा फुटला. तो तसाही जुना होता.

१८ जानेवारी, रात्री
ट्रायल. वेरूळ. घृष्णेश्वराचं दर्शन, मग गाडीतच जेवण, असा प्लॅन. मी स्वतः चालवली. लायसन्स अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, त्यानंतर स्कूटर सोडून काही चालवलेलं नाही. पण बेसिक तेच असतं. दौलताबादच्या पुढे चढाला बॉनेटमधून धूर आला. अफजलभाईंना फोन केला. त्यांनी आमच्या टाकीतलं पाणी रेडिएटरला पाजलं आणि म्हणाले, काकासाब, गाडी अच्छी है, सिर्फ चलती नै. केसरनं लिंबाखाली सतरंजी टाकली, आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. ती म्हणाली, लई दिसांनी बाहेर जेवलो. परत क्रेनमागून आलो. ट्रायल साठ टक्के यशस्वी.

१९ जानेवारी
पार्ट बाहेरून मागवावा लागणार. पंधरा-वीस दिवस. तोवर गाडी हलवायची नाही. ठीक. या काळात रूटचा सखोल अभ्यास करतो.

२२ जानेवारी
आज नळ आले. आठव्या दिवशी येतात. केसरनं पाण्याचं टिप, बादल्या, हंडे, कुकरसुद्धा भरला आणि मग पाइप सरळ मोटरहोमच्या टाकीत सोडला. मी म्हणालो, ती टाकी प्रवासासाठी आहे. ती म्हणाली, निघंल तवा बघू. परवानगी दिली. लीडरनं फ्लेक्झिबल असावं.

२७ जानेवारी
सकाळी गाडीत मॅप घेऊन बसलो होतो, दगडाबाई घागर घेऊन आत आल्या. सिंकचा नळ सोडला, भरली, गेल्या. चपला मात्र बाहेर काढल्या होत्या. ओट्याचा विषय निघाला नाही म्हणून मीही बोललो नाही.

३० जानेवारी
पुन्हा नळ. पुन्हा टाकी फुल. संध्याकाळी गाडीच्या दाराशी पाच बायका. गल्लीत माझी इज्जत वाढली आहे हे नक्की.

६ फेब्रुवारी
पार्ट आला, बसला. इंजिन पहिल्या झटक्यात चालू! पण अफजलभाई म्हणतात, पानी भरके चढ मत चढो. टाकीत अजून बरंच पाणी होतं, मी सोडून द्यायला गेलो तर केसर तोटीवर हात ठेवून उभी. पाणी सांडता? म्हणाली, अन् तेबी गल्लीत, लोकांदेखत? आजवर ती माझ्यावर इतकी रागावली नव्हती. पाणी संपलं की निघू.

७ फेब्रुवारी
नळ आले. टाकी फुल.

१४ फेब्रुवारी
अडचण नीट समजून घेतली. टाकी भरलेली असताना निघता येत नाही आणि रिकामी झाली की नळ येतात. उपाय: आज ती तळाला गेली आहे, उद्या पाचलाच निघायचं. अलार्म तीन लावले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
नळ साडेचारला आले. मी उठलो तेव्हा टाकी फुल आणि केसर आंघोळ करून वेरूळला निघालेली. यष्टीनं.

१९ फेब्रुवारी
दगडाबाईंच्या भजनी मंडळाची बस शनिवारी गणपतीपुळ्याला चालली आहे. केसर म्हणाली, दोन जागा आहेत, चला. मी म्हणालो, मोटरहोमचा मालक भाड्याच्या बसनं? जेवताना तिनं पुन्हा विचारलं. मग म्हणाली, तिसऱ्यांदा नाय इचारणार.

२० फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. मन मोठं करून भजनी मंडळाला हो सांगायला गेलो. जागा शिल्लक होती. पण दगडाबाई म्हणाल्या, सोमवारी नळाचा दिस, गल्लीतल्या सगळ्या बाया चालल्या, मग पाणी कोण भरंल? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टाकीवाला माणूस मीच.

२३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ९
सात घरांच्या किल्ल्या माझ्याकडे. नळ आले आणि नेमका केसरचा व्हिडिओ कॉल. साडी घोट्याच्या वर धरून ती पाण्यात उभी. मग म्हणाली, आवो, एवढं पाणी, अन् कुणाची पाळी नाय! हसत होती. इतकी हसताना तिला कधी पाहिलं होतं, आठवत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. मग तिनं कॅमेरा समोर फिरवला आणि धरून ठेवला.

तिला समुद्र दाखवीन म्हणालो होतो. तिनं मला दाखवला. तिला कधी सांगितलं नाही, पण मीही आजच पहिल्यांदा पाहिला.

पाइप सुटला होता, म्हणून फोन ठेवावा लागला. टाकी फुल. आता दगडाबाईंचे हंडे.