शामूने पुसलेलं प्रमेय

बेळगाव, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६०

ती. सौ. आक्कास,

धाकट्या प्रमोदिनीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भावोजींचा दमा कसा आहे? निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून राहायचं आणि दम्यावर औषध शोधायचं, म्हणजे विहिरीत उभं राहून पंचा मागायचा. पण मोठ्यांना कोण सांगणार? तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांग (म्हणजे सासूबाईंना, पण गेल्या पत्रात त्यांच्यापेक्षा गुडघ्यांचाच मजकूर जास्त होता). आम्ही सगळे खुशाल आहोत. मी मॅट्रिकला नापास झाले, एवढं सोडून.

इंग्रजी, मराठी, इतिहास, सगळं निघालं. राहिलं गणित. आणि आक्का, मी परीक्षेला बसले होते ती गणितासाठीच. लग्न ठरलं आणि शाळेतून नाव काढलं, त्या आठवड्यात वर्गात भूमिती सुरू व्हायची होती. तेव्हापासून कोणाच्या हातात कंपासपेटी दिसली की जिवाला चुटपुट लागायची. इतर बायकांना पैठणीचं होतं तसं. शेवटी ह्यांनीच शेजारच्या मारुतीराव मास्तरांकडे शब्द टाकला.

अभ्यास कसा झाला ते ऐकून तू हसशील. शामू मांडीवर झोपेना, म्हणून अंगाई सोडून मी ‘अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग’ सुरात म्हणायला लागले. पोर ताबडतोब झोपलं. माझ्या सासूबाईंना ते स्तोत्र वाटलं. त्या रोज माळ घेऊन शेजारी बसू लागल्या, आणि एकदा अगदी भाविकपणे त्यांनी विचारलं, की ह्याची फलश्रुती काय गं? (मी म्हटलं, अजून तिथवर आले नाही.) चुलीपुढे कोळशाने काढलेल्या त्रिकोणावर एका शुक्रवारी मला हळदकुंकू वाहिलेलं दिसलं. सांबऱ्याची राजाबाई दूध घालायला येते, तिने तर गावभर केलं की बाईंनी फरशीवर करणी मांडलीय. मनू दुसरीत आहे. ती पाढे म्हणता म्हणता मध्येच काळजीने विचारायची, “आई, तू नापास झालीस तर तुला पण छडी मिळणार?”

पेपराच्या दिवशी शामूला सांभाळायला ह्यांनी कचेरीतून रजा घेतली. प्रश्न वाचले आणि मी शांत झाले. सगळं ओळखीचं होतं. बीजगणित झालं, भूमितीचं पान उघडलं, आणि फाटकाबाहेरून रडणं ऐकू आलं. शंभर पोरांत आपलं पोर ओळखू येतं, हे तुला सांगायला नको. वाटीतलं दूध शामूने ह्यांच्या कोटावर उडवलं होतं. लांबून आई दाखवली की गप्प बसेल, अशा हिशेबाने हे त्याला तिथवर घेऊन आले होते. (हे कचेरीत फार हुशार गणले जातात.) मी कान बंद करून लिहीत राहिले. पण आक्का, कान बंद होतात, अंग कुठे बंद होतं? पोलकं भिजायला लागलं. मी उठले. देखरेखीवरचे गृहस्थ हळूच म्हणाले, “बाई, बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही.” त्यांचा आवाज कठोर नव्हता. तो कठोर असता तर बरं झालं असतं.

मैदानाच्या कडेला चिंचेखाली पदर घेऊन मी शामूला पाजलं. हे अपराध्यासारखे दुसरीकडे तोंड करून उभे. पाजता पाजता डोक्यात ते प्रमेय चालूच होतं. वर्तुळात चौकोन बसवला की त्याचे समोरासमोरचे कोन मिळून दोन काटकोन होतात, तेच. राहवेना. हातातली बांगडी काढली, तांबड्या मातीत तिच्याभोवती काडी फिरवून वर्तुळ काढलं, आत चौकोन, मग त्रिज्या, आणि पायरी पायरीने पुरं सिद्ध केलं. ह्यांना म्हटलं, बघा. हे वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मला ह्यातलं काही कळत नाही. पण तुझा असा चेहरा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघतोय.” तेवढ्यात पोट भरलेला शामू मांडीवरून उतरला आणि रांगत रांगत वर्तुळावरून गेला. तिथे माती तेवढी राहिली.

हे म्हणतात पुढच्या वर्षी बस. बसेनही. पण खरं सांगू, मला पास व्हायची तेवढी ओढ नाही, त्या चिंचेखालच्या घटकेची आहे. दुपारी मुलं निजली की मी पुस्तक उघडते आणि वाटतं, शेजारी कोणी तरी असावं ज्याला नुसतं ‘बघ’ म्हटलं की दिसेल.

मोठ्यांना नमस्कार, पोरांच्या गालांना माझे हात.

तुझी,
प्रमोदिनी

ता. क. भावोजींना सांग की बेळगावची हवा दम्याला फार चांगली. खोटं असलं तरी सांग, आणि पोरांना घेऊन पावसाळाभर राहायला ये.

ता. क. दुसरा. मला चिंचोक्यांवर भागाकार शिकवलास तो तू. शाळेतून नाव आधी काढलं गेलं तेही तुझंच, आणि त्यावर तू कधी बोलली नाहीस. मारुतीराव मास्तरांना मी सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी आम्ही दोघी बसणार. चारही पोरांना सासूबाई स्तोत्र म्हणून झोपवतील. त्यांचं आता पाठ झालंय.

ता. क. तिसरा. प्रश्नपत्रिका माझ्या हातातच राहिली होती. शेवटच्या उदाहरणापर्यंत मी पोचलेच नाही. ते खाली उतरवून देते. उत्तर पत्रातून कळवू नकोस.