बोर्ड गेलाय, मी नाही

शनिवार, ४ मार्च. सकाळी ९.
शी! पहिल्याच झुरक्याला तोंडात जळक्या गोधडीची चव. सिगारेटऐवजी घेतलेल्या विजेच्या वेपवर २२० डिग्री लावले होते. आतल्या बोर्डाचं काम एकच, कॉइल जास्त तापली की वीज आवरायची. तेवढंही जमत नाही. कॉइलमधला कापूस जळतो आणि मी खोकतो.
निदान: बोर्ड गेला. चौतीस वर्षं या खोऱ्यातले टीव्ही दुरुस्त केलेत, मला दोन मिनिटं पुरतात. कॉइल कालच मी स्वतः गुंडाळली, त्यामुळे तिकडे बघायचीही गरज नाही.
घाई एवढ्यासाठी की सिगारेट सोडून दहा आठवडे झाले आणि १६ तारखेला केमिस्टकडे नळीत फुंकायची शेवटची परीक्षा आहे. श्वासात सिगारेटच्या धुरातला विषारी वायू किती, तो आकडा सहाच्या आत आला तर लेक नेरिस बाळाला घेऊन घरी येणार. नात चार महिन्यांची झाली, मी अजून मांडीवर घेतलेली नाही. डॅड, धुराच्या घरात माझं बाळ येणार नाही, असं पोरीने तोंडावर सांगितलंय. वेपशिवाय मी टिकणार नाही.
उद्या दुपारपर्यंत नीट करतो.

रविवार, ५ मार्च.
उघडला. आत सगळीकडे वेपमध्ये भरायच्या रूबार्ब-कस्टर्डच्या वासाच्या रसाचा चिकट पाक, त्यात माझ्याच दाढीचे केस. किळस आली. लोक वस्तू कशा बनवतात!
बायको, एअरलिस, म्हणाली, जेवणाच्या टेबलावर हे नको, बहीण येतेय जेवायला. मी म्हटलं, विज्ञानाला जागा लागते. ती म्हणाली, विज्ञानाने शेडमध्ये जावं.
पुसला, जोडला, ओढला. गोधडी.

सोमवार, ६ मार्च.
एअरलिसचं टुमणं, कार्विनच्या वेपच्या दुकानात दाखव. दाढीत मणी ओवणाऱ्या माणसाला मी बोर्ड दाखवू? त्याच्या आईचा टीव्ही मी तीनदा दुरुस्त केलाय. तिसऱ्यांदा पहिल्या दोन दुरुस्त्यांमुळे, पण तो विषय वेगळा.

बुधवार, ८ मार्च. दुपारी ३.
तार विजेला किती अडवते ते मोजायला मल्टिमीटर काढला. कॉइल थंड असताना अर्धा ओहम. लाल तापवून मोजली, तरी अर्धा ओहम. तसूभर फरक नाही! अशी स्थिर कॉइल गुंडाळायला हात लागतो. म्हणजे दोष बोर्डाचाच, सिद्ध झालं.
चव नेमकी किती बिघडली हे कळायला तुलनेला काहीतरी हवं, म्हणून एक सिगारेट ओढली. निव्वळ तपासणीसाठी. घाण लागली. समाधान वाटलं.

शुक्रवार, १० मार्च.
सोल्डरिंग आयर्न बोर्डावर जरा जास्त वेळ राहिलं. तांब्याची एक पट्टी उचलून आली. आता स्क्रीनही लागत नाही. एक मात्र आहे, जळकी चव पूर्ण थांबली.
तुलनेच्या सिगारेटी तीन. शेडमध्ये, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, म्हणजे बोटांना वास लागत नाही. वर पेपरमिंट. एअरलिसने विचारलं, शेडमध्ये भांडी कोणाची घासतोस? बायकांना तांत्रिक गोष्टी सांगून उपयोग नसतो.

रविवार, १२ मार्च.
मोजणं बंद केलं. आकड्यांनी माणूस खचतो. सिगारेट हा अत्यंत किळसवाणा प्रकार आहे, आज सकाळपासून सात ओढल्या तरी माझं मत बदललेलं नाही. हातमोज्यांना आतून जो वास येतो तो लिहवत नाही.
परीक्षेआधी दोन दिवस कडकडीत बंद. ठरलं.

मंगळवार, १४ मार्च. सकाळी ११.
एअरलिस मला न विचारता वेप कार्विनकडे घेऊन गेली. येऊन टेबलापाशी उभी राहिली आणि त्याचा निरोप सांगितला. म्हणे, कॉइलला मी तार चुकीची वापरली. स्टीलची तार तापली की तिचा ओहम वाढतो, त्यावरून बोर्डाला कळतं की आता पुरे. मी वापरली ती तार तापली तरी ढिम्म, म्हणून बिचारा बोर्ड समजत राहिला की कॉइल थंडच आहे. बोर्ड चांगला होता, असं तो म्हणाला. ‘होता’वर जोर देऊन.
दोन्ही तारांची रिळं एकाच बिस्किटांच्या डब्यात आहेत. रिळांवरच्या चिठ्ठ्या मीच काढून टाकल्या होत्या, लक्षात राहतं म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तार बनवणाऱ्यांनी तरी रंग वेगळे द्यावेत!
कार्विनने तोवर वापरायला एक साधा वेप पाठवलाय. पेनाएवढा, गुलाबी. माणसाला काही इभ्रत असते. परत पाठवला.
आजपासून बंद ठेवायचं होतं, पण आज फार मनस्ताप झाला.

गुरुवार, १६ मार्च.
नाश्त्यानंतर एकच ओढली. बरं, दोन.
केमिस्टच्या मागच्या खोलीत परीक्षा घेणाऱ्या मिसेस प्रॉसरने नळी पुढे केली. छाती भरून फुंकलं. सतरा. मी म्हटलं, तुमच्या यंत्राचा बोर्ड गेलाय, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आहे, दोन मिनिटांत बघतो. तिने नळी बदलून स्वतः फुंकलं. एक. मग म्हणाली, मिस्टर प्रोथेरो, बसा जरा.
नेरिस बाहेर गाडीत बसली होती. पास झालो की सरळ घरी यायचं म्हणून बाळाला, माबलीला, घेऊनच आली होती. एअरलिस सांगायला गेली. मी औषधांच्या कपाटाआडून खिडकीतून पाहत होतो. एअरलिस गाडीपाशी वाकून बोलली. नेरिसने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मागच्या सीटवर पिवळी टोपी दिसली, तेवढीच. गाडी गेली.
लाज वाटली. अशी कधी वाटली नव्हती.
एअरलिस परत आली. मला वाटलं, आता तोंडसुख घेईल. तिने माझा कोट तेवढा घालायला पुढे धरला. मी विचारलं, बाळ कोणासारखं दिसतं गं? ती म्हणाली, टोपी नाकापर्यंत आली होती, झोपलं होतं, मी उठवलं नाही.