तीन तासांनी पुन्हा

विरार,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,

मीराचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. जेन्सनची बदली वसईला झाली, त्यामुळे त्याची धावपळ कमी झाली. आईचे गुडघे कसे आहेत? सहा वर्षांनी लिहितेय, त्यामुळे नेमकं कुठून सुरू करावं कळत नाही.

गुरुवारी तुम्ही आमच्या हॉस्पिटलमध्ये आलात, ते मला ठाऊक आहे. सकाळी दहाच्या सुमारास इमर्जन्सीतून रक्ताची एक नळी लॅबमध्ये आली. लेबलवर नाव होतं, दिनानाथ हरेश्वर राऊत, वय सदुसष्ट. तपासणी ट्रोपोनिनची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. बाबा, ती नळी मीच मशीनमध्ये लावली. रोज पंधरावीस नळ्या लावते, पण त्या दिवशी हातमोज्यात घाम आला होता.

वीस मिनिटांनी आकडा आला, आठ. मर्यादेच्या आत. पण तुमच्या छातीत दुखू लागून तासच झाला होता आणि हे रक्तात दिसायला वेळ लागतो. म्हणून तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. तोवर कुणी काही सांगू शकत नाही.

त्या तीन तासांत मी खाली आले होते, एकदाच. पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुमच्या छातीला वायरी लावलेल्या, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तुम्ही छताकडे पाहत होतात. मी आत आले असते तर तुम्ही तोंड फिरवलं असतं, असं स्वतःला समजावलं आणि जिना चढून परत गेले.

दुसरा आकडा नऊ. म्हणजे वाढ नाहीच म्हणायची. खात्री वाटेना, म्हणून आमच्या लॅबच्या प्रमुखांना, ज्युलियस सरांना दाखवला. ते म्हणाले, "मीरा, रिपोर्ट खाली पाठव. माणूस सुखरूप आहे." मी रिपोर्ट पाठवला आणि स्टोअरमध्ये जाऊन मनसोक्त रडले. डॉक्टरांनी नंतर सगळं तपासून सांगितलं ना, केळीचा घड उचलताना छातीचा स्नायू ताणलाय? एवढंच होतं. एवढंच!

संध्याकाळी परेशचा फोन आला. म्हणाला, "ताई, मी गाडी वसईच्या दवाखान्याकडे वळवत होतो. बाबा म्हणाले, विरारला चल. मीरा आहे तिथे."

बाबा, छातीत दुखत असताना असं लांब जायचं नसतं. सर्वांत जवळच्या हॉस्पिटलात जायचं. पुन्हा असं केलंत तर मी खरंच रागवेन.

परेशनं आणखी एक सांगितलं. पडदा हलला की तुम्ही मान उचलून बघत होतात म्हणे. नर्स आली, वॉर्डबॉय आला, चहावाला आला. मी वरच होते बाबा. दोन जिने वर. जेन्सनशी माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही आला नाहीत, हे मी सहा वर्षं मनात धरून बसले होते. गुरुवारी तुम्ही आलात आणि मी आले नाही.

येत्या रविवारी उमेळ्याला घरी येतेय, जेन्सनला घेऊन. तो म्हणतो, आधी तू एकटी जा. मी म्हटलं, नाही, दोघांनी जायचं. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. आम्ही ओटीवर बसू. आईला सांगा, स्वयंपाकाची गडबड करू नको.

दोन्ही रिपोर्टखाली 'तपासणारी' म्हणून माझी सही आहे, पण तिथे आद्याक्षरंच टाकतात, पूर्ण नाव लिहिता येत नाही. इथे लिहिते.

तुमची मुलगी,
मीरा दिनानाथ राऊत